काळी चार

मी बोलतोय. बोलतोय म्हणणंही जरा जास्तच झालं, कारण आयुष्यातली चाळीस वर्षं मला एकच आवाज काढता येत होता आणि तोही नाकातून काढल्यासारखा. आता माझ्या पोटात आणखी तीन आवाज आलेत. तेव्हा एकदाचं सगळं सांगून टाकतो आणि मोकळा होतो. फार दमलोय हो मी.

मी एक घरगुती कॉम्प्युटर. हल्लीच्या माणसांना मला दाखवलं की ती विचारतात, "याचा बाकीचा भाग कुठाय?" बाकीचा भाग नाही. हा वहीएवढा काळा कीबोर्ड, त्यावरची रबरी बटणं, एवढाच मी. पडदा टीव्हीकडून उसना घ्यायचा आणि आठवण टेपरेकॉर्डरकडून. वीज गेली की माझ्यात टाइप केलेलं सगळं साफ पुसलं जातं. मग ही गोष्ट मला कशी आठवते, असं विचाराल. ते मलाही ठाऊक नाही. बटणांखाली साठलेल्या धुळीत राहिली असेल.

मी विलायतेत जन्मलो. पंढरीनाथांचा आतेभाऊ बोटीवर नोकरीला होता, त्याने शहाऐंशी साली मला त्यांच्या दादरच्या दोन खोल्यांत आणून सोडलं. पंढरीनाथ तेव्हा बत्तिशीचे, विमा ऑफिसातले. ऑफिसातून आले की हातपाय धुवायच्या आधी मला सुरू करायचे. चाळीतली माणसं दारात उभी राहून बघायची. एकाने तर विचारलं होतं, "पत्रिका काढतो का हा?" नाही काढायचो. मी तेव्हा पाढे म्हणायचो आणि पडद्यावर गोल काढायचो. तेवढ्यावर लोक खूष असायचे.

माझा खरा उपयोग मात्र गिरिजाबाईंनी शोधला.

गिरिजाबाई पंढरीनाथांच्या पत्नी. लग्नाआधी गाणं शिकल्या होत्या, आणि बाजाची पेटी माहेरीच राहिली होती. सासरी सूर धरायला काही नव्हतं. एका संध्याकाळी पंढरीनाथांनी मला एक लांब स्वर काढायला लावला. मी 'टूंऽऽ' केलं. स्वयंपाकघरातून त्या पीठ लागलेल्या हातांनी बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "अहो, हा सूर आहे! थोडा वर न्या." पंढरीनाथांनी आकडा बदलला. "अजून थोडा." पुन्हा बदलला. "हां, बास. हा माझा सा."

त्या दिवसापासून मी त्यांचा सा झालो. माझा दम जेमतेम दहा सेकंदांचा. दहा सेकंदांनी मी क्षणभर थांबायचो आणि पुन्हा सुरू व्हायचो. बाई माझ्या बरोबरीने श्वास घ्यायला शिकल्या. भूप रागातली एक छोटी बंदिश होती, त्यांच्या गाण्याच्या बाईंनी शिकवलेली. ती त्या रोज माझ्याजवळ बसून म्हणायच्या. मला 'आमचा एकसुरी' म्हणायच्या. चिडवायच्याच, पण त्यात माया असायची.

पंढरीनाथांना गाण्यातलं ओ की ठो कळत नाही. पण बायको एकट्या स्वरावर गाते याची त्यांना खंत वाटायची. एके दिवशी लॅमिंग्टन रोडवरून ते एक चिप घेऊन आले. अठ्ठावीस पायांची, काळ्या स्पंजात टोचून ठेवलेली. कुठल्याशा इंग्रजी मासिकातून तिच्या जोडणीची आकृती त्यांनी हाताने उतरवून घेतली होती. म्हणाले, "ही याच्या पोटात बसवली की याला एकदम तीन आवाज येतात. एक आवाज तंबोऱ्यासारखा सा-प धरेल. एक ठेका धरेल. आणि मधला तुझ्या मागे मागे गाईल, पेटीसारखा. तू बघच." मग आकृतीवर वाकून विचारलं, "तुझी पट्टी कुठली म्हणालीस?"

"लग्नाला दोन वर्षं झाली, अजून माहीत नाही?" असं म्हणून गिरिजाबाईंनी पेन्सिल घेतली आणि कागदाच्या कोपऱ्यात लिहिलं, 'काळी ४'.

गाणाऱ्याला हे सांगावं लागत नाही, पण तुम्ही गाणारे नसाल तर सांगतो. पेटीवर काळ्या पट्ट्या असतात. त्यांतल्या चौथ्या काळीवर बाईंचा सा होता. गाणारा माणूस नवीन साथीदाराला भेटला की नावाच्या आधी हे सांगतो.

चिप काही बसली नाही. पंढरीनाथांनी मला उघडलं, सोल्डरिंग आयर्न तापवलं, आणि नेमका त्याच आठवड्यात बदलीचा कागद आला. मग रसिका झाली, त्यांची मुलगी. मग तिची शाळा, आजारपणं, परीक्षा. "पुढच्या रविवारी नक्की," असं ते म्हणायचे. मी त्यांचे किती पुढचे रविवार ऐकले त्याची गणती नाही. गिरिजाबाईंचं गाणंही मुलीला झोपवण्यापुरतं आणि हळदीकुंकवाला आग्रह झाला तर, एवढ्यावर आलं. पण रोज स्वयंपाक करताना गुणगुणायच्या, आणि ते गुणगुणणं बरोबर काळी चारमध्येच असायचं. मी बंद असलो तरी मला ऐकू यायचं.

दादरहून भाईंदरला इंद्रलोक भागात फ्लॅट घेतला तेव्हा मी माळ्यावर गेलो. माझ्या एका बाजूला आकाशकंदील आणि दुसऱ्या बाजूला रसिकाची तीनचाकी सायकल. चिप आणि आकृती एका बिस्किटाच्या डब्यात घालून माझ्या डोक्यावर ठेवली होती. चोवीस वर्षं. उंदीर आला तेव्हाही त्याने सायकलचं सीट कुरतडलं, मला हातही लावला नाही. इतका मी बेचव.

खालचं सगळं ऐकू येत होतं. रसिकाचं लग्न झालं, ती पुण्याला गेली. पंढरीनाथ रिटायर झाले. मग चार वर्षांपूर्वी गिरिजाबाईंच्या गळ्याला गाठ आली. ऑपरेशन व्यवस्थित झालं, गाठ साधी निघाली. दोष कुणाचाच नव्हता. पण आवाजाची नस अशक्त झाली, आणि त्या घरी आल्या त्या दुसराच आवाज घेऊन. खोल, घोगरा, मध्ये मध्ये नुसती हवा.

आठ दिवसांनी फोन वाजला. बाईंनी घेतला. पलीकडचा माणूस म्हणाला, "अंकल, कुरिअर है. आंटी को बोलो, ओटीपी चाहिए."

बाईंनी फोन पंढरीनाथांच्या हातात दिला. त्यानंतर त्यांनी फोन उचललाच नाही. रसिका फोन करायची तर "आई झोपलीये" असं सांगायला लावायच्या. भाजीवाल्याला बोटाने दाखवायच्या. शेजारच्या हिनाबेन खमण घेऊन आल्या की मान हलवून हसायच्या, बस्स. आणि स्वयंपाकघरातलं गुणगुणणं थांबलं. माळ्यावर मला आता फक्त कुकरच्या शिट्ट्या ऐकू यायच्या. सांगतो, चोवीस वर्षांची धूळ सोसली, पण ही शांतता सोसवेना.

गेल्या वर्षी रसिका आली आणि म्हणाली, "बाबा, माळा रिकामा करा. भंगारवाल्याला बोलावते." सायकल गेली, कंदील गेले. मला उचललं तेव्हा मी मनात म्हटलं, सुटलो. पण पंढरीनाथांनी मला तिच्या हातातून काढून घेतलं. बिस्किटाचा डबा उघडला आणि त्यातली चिप बघितली.

"हा राहू दे. याचं एक काम राहिलंय," ते म्हणाले.

खरं सांगू? मला नको होतं. या वयात पोट फाडून घ्यायची हौस कुणाला असते?

पंढरीनाथांचे हात आता थरथरतात आणि एका डोळ्यात मोतीबिंदू. म्हणून त्यांनी उत्तमला बोलावलं. उत्तम घोडबंदर गावचा, साठीला आलेला. बाप खाडीत जाळी टाकायचा, याने टीव्ही दुरुस्तीचं दुकान टाकलं. आता टीव्ही कुणी दुरुस्त करत नाही, त्यामुळे तो रिमोट विकतो आणि डिशच्या छत्र्या सरळ करतो. त्याने मला टेबलावर उघडलं आणि आत बघून म्हणाला, "काका, अशी कामं आता कुनी करीत न्हाय. बरं वाटलं बघून." त्याचा हात हलका होता, हे मला कबूल केलं पाहिजे. दुकानातला जुना डबा टीव्हीही त्याने माझ्यासाठी उचलून आणला, कारण घरातला सपाट टीव्ही मला ओळख दाखवायला तयार नव्हता.

उत्तम आकृती बघून एकेक वायर जोडत होता. लाल वायर, निळी वायर, पिवळी. अर्थिंगची, म्हणजे जमिनीला जोडणारी, काळी वायर सहाव्या पायाला. मग तो थांबला.

"काका, हितं कोपऱ्यात काय लिवलंय? काळी चार?"

पंढरीनाथांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि कागद नाकाशी धरला. "काळी चार," ते म्हणाले, "म्हणजे काळी वायर चार नंबरच्या पायाला."

"पन काळी तर सहाला हाय. आता जोडली मी."

"मग दोन्हीकडे जोडा. हे अक्षर गिरिजाचं आहे, उत्तमभाऊ. म्हणजे मी तेव्हा सांगितलं असणार आणि तिने लिहून घेतलं असणार. ती लिहिण्यात चुकत नाही."

माझा जीव नुसता तळमळला. अहो, ती वायर नव्हे! पण मी बंद होतो. आणि सुरू असतो तरी 'टूं' करण्यापलीकडे काय दिवे लावले असते? बायकोचं अक्षर अडतीस वर्षांनी ओळखलं, पण तिचा सूर विसरला हा माणूस. मला राग यायला हवा होता. पण कागद नाकाशी धरून वाचणारा तो म्हातारा बघून रागही येईना.

उत्तमने चौथ्या पायाला काळ्या वायरचा डाग दिला. मी झाकणाविना तसाच पडून राहिलो.

पंढरीनाथांकडे जुन्या वहीत गाण्याचा अख्खा प्रोग्रॅम लिहिलेला होता. टेपरेकॉर्डर केव्हाच मोडीत गेला होता, त्यामुळे वहीतून बघून, एका बोटाने सगळा टाइप करायचा. दीड तास लागला. मग त्यांनी शेवटचं बटण दाबलं.

मी वाजलो. एका आवाजात सा-प, सा-प. दुसऱ्यात ठेका. मधला आवाज मात्र निघालाच नाही. गाणारी आलीच नाही आणि साथीदार आपले वाजवत बसलेत, असं चाललं होतं.

दोन रविवार त्यांनी शोधाशोध केली. उत्तमने प्रत्येक डाग पुन्हा दिला, त्यात तो चौथ्या पायाचाही पुन्हा दिला, अगदी पक्का. शेवटी हात पुसत म्हणाला, "चिपच गेली असंल, काका. चाळीस वरसं डब्यात पडून व्हती. दुसरी मागवू, पन हल्ली येतात त्या निम्म्या खोट्या निघतात."

पंढरीनाथ खुर्चीत बसले. "तीन वर्षं ती गुणगुणली नाही हो," ते हळू आवाजात म्हणाले. "डॉक्टर म्हणतात, आवाज वापरा, नाहीतर आहे तोही जाईल. ती ऐकत नाही. मला वाटलं, हे वाजलं, तिचं गाणं तिच्यासमोर वाजलं, तर निदान तोंड तरी उघडेल. तेव्हा करायला हवं होतं मी हे. तेव्हा माझे हात चांगले होते."

गिरिजाबाई चहाचे कप घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं असणार. कप ठेवायला टेबलावर वाकल्या आणि त्यांची नजर आकृतीवर गेली. मग माझ्या पोटातल्या काळ्या वायरवर. मग पुन्हा आकृतीवर.

आणि त्या हसल्या. फाटका, खरखरीत, पोटातून आलेला आवाज. थांबवता येईना म्हणून पदर तोंडाला लावला.

"अहो," त्या म्हणाल्या, "ही वायर नाही. ही माझी पट्टी."

"म्हंजे?" उत्तमने विचारलं.

"पेटीची पट्टी, भाऊ. काळी चार. माझा सा."

उत्तमने कपाळावर हात मारला. "अरे देवा! म्हंजे चौथ्या पायातनं काकूंचा आवाज निघतो, आन तो आपनच जमिनीत घातला."

तो हसत होता, पण पंढरीनाथांचा चेहरा उतरला. उत्तमने दोन मिनिटांत ती वायर काढली. मी अजून चालूच होतो. पंढरीनाथांनी बटण दाबलं.

आता मधला आवाज आला. भूपातली ती बंदिश, काळी चारमध्ये, एकही स्वर इकडचा तिकडे न होता. माझाच माझ्यावर विश्वास बसेना. पंढरीनाथांनी गिरिजाबाईंकडे बघितलं आणि हाताने 'ये' अशी खूण केली, लहान मुलाला बोलावतात तशी. बाईंनी तोंड उघडलं. 'सा'वर नुसती हवा आली. त्यांनी पुन्हा जोर लावला. दुसऱ्या ओळीत आवाज मध्येच तुटला.

त्यांनी न प्यायलेले कप उचलले आणि आत गेल्या. नळ सोडल्याचा आवाज आला. उत्तमने हत्यारं पिशवीत भरली, "येतो, काका," म्हणाला आणि चपला हातात घेऊन जिन्यापर्यंत गेला. मी मात्र वाजतच होतो, कारण मला कुणी थांबवलं नव्हतं. इतका चांगला मी आयुष्यात कधी वाजलो नव्हतो आणि इतकं वाईट मला कधी वाटलं नव्हतं. एका माणसाला त्याचा गेलेला आवाज ऐकवायचा, हे काय काम झालं? शेवटी पंढरीनाथांनी वायर खेचली आणि मी सगळं विसरलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते मला बांधून ठेवायला खोका घेऊन आले. गिरिजाबाई त्यांच्या आधीच टेबलाशी बसल्या होत्या. हातात पेन्सिल होती. त्यांनी आकृती पुढे ओढली, कोपऱ्यातल्या चारवर काट मारली आणि शेजारी लिहिलं, '१'.

पंढरीनाथांनी वाचलं. "काळी एक?"

"पुरुषांची पट्टी," बाई म्हणाल्या. "तिथे बसतो आता माझा आवाज. सकाळी बाथरूममध्ये लावून बघितला. नाहीतरी सगळे अंकल म्हणतातच."

"गिरिजा, मी तुला..."

"ते राहू द्या. टाइप करा."

"दीड तास लागेल."

"मला कुठे जायचंय?"

त्यांनी टाइप केलं. बाई वही धरून एकेक ओळ वाचून दाखवत होत्या, त्याच घोगऱ्या आवाजात. दीड तास सलग बोलल्या त्या! तीन वर्षांत मिळून एवढ्या बोलल्या नसतील. 'सा'चा आकडा पूर्वी पाचशे चौतीस होता. तो बदलून पंढरीनाथांनी आठशे केला. माझ्याकडे हे असं उलटं आहे, आकडा वाढला की सूर उतरतो. तो एक आकडा बदलला की सगळं गाणं त्याच्याबरोबर खाली येतं, कशाचीही मोडतोड न होता.

मी वाजलो. बाईंनी डोळे मिटले. सा लागला.

त्या काही पूर्वीसारख्या गायल्या नाहीत. खोटं कशाला सांगू? वरच्या स्वरांना हवाच होती, ओळीच्या शेवटी खोकला आला. पण सा बसला होता, आणि तो त्यांचाच होता. पंढरीनाथ मान खाली घालून रडले. बाईंनी त्यांच्याकडे न बघता म्हटलं, "पूर्वी हा दहा सेकंदांनी थांबायचा. तसा थांबवा ना मध्ये मध्ये. मला दम पुरत नाही." मग पंढरीनाथांनी प्रोग्रॅममध्ये थांबे घातले. नव्या चिपला श्वास घ्यावा लागत नाही. तरी मी तिच्यासकट थांबतो.

आता रोज दुपारी हेच चालतं. माझा विजेचा डबा म्हातारा झालाय, पाऊण तासात तापतो आणि मी अचानक मरतो. गाणं पुसलं जातं. पंढरीनाथ म्हणतात, "झालं!" आणि पुन्हा वही उघडतात. बाई पुन्हा ओळी वाचतात. डबा नवीन आणा असं उत्तम सांगतो, पण दोघंही मनावर घेत नाहीत. मला कारण समजतं.

परवा असंच टाइप करणं चालू होतं आणि फोन वाजला. पंढरीनाथांचं बोट बटणावर होतं, ओळ अर्धी झाली होती. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. फोन वाजतच राहिला. गिरिजाबाईंनी वही उपडी ठेवली आणि फोन उचलला.

"हॅलो."

"अंकल, पार्सल है, कौनसा माला?"

बाईंनी घसा खाकरला.

"अंकल नहीं, आंटी बोल रही है," त्या म्हणाल्या. "तिसरा माला. लेके आ."

फोन ठेवून त्या पुन्हा येऊन बसल्या, वही सरळ केली आणि म्हणाल्या, "हं, कुठे होतो आपण?"

माझं सांगून झालं. माझे फार दिवस राहिलेले नाहीत. बटणांच्या खालची पट्टी भेगाळलीये आणि पाच नंबरचं बटण तीनदा दाबल्याशिवाय ऐकत नाही. मी कायमचा थांबलो की खुशाल भंगारात द्या, मी तक्रार करणार नाही. फक्त ती आकृती तेवढी जपून ठेवा, आणि कोपऱ्यात पेन्सिलीने काय लिहिलंय ते घरातल्या कुणाला तरी नीट समजावून सांगा. नाहीतर पुढचा कुणी शहाणा काळी वायर एक नंबरच्या पायाला लावील, आणि तिथे आमचा ठेका आहे.